पहिला चाकू घेताना

भाऊ, आधी सांग, तुला कापायचं काय आहे? रावेर-यावलकडे केळीच्या बागेत फिरणार असशील तर साधं लोखंडी पातं नको. केळीचा चीक लागला की ते काळं पडतं, आणि न पुसता ठेवलं की गंज. माझा पहिला चाकू असाच गेला. स्टेनलेसचं घे.

पातं ३ इंचांचं बास. ठिबकची नळी, खताची गोणी, शेकोटीत टाकण्याआधी भरिताच्या वांग्याला चिरा, एवढ्याला पुरतं. घडीचा घेणार असशील तर दुकानातच उघड आणि पात्याच्या बोथट पाठीवर हलकेच दाब देऊन बघ. खटका सैल असला तर पातं सरळ बोटांवर मिटतं. माझ्या तर्जनीवर त्याची खूण आहे. मूठ ओल्या हाताने धरून बघ. मे महिन्यात जळगावच्या ४५ अंशांत गुळगुळीत स्टीलची मूठ साबणासारखी निसटते.

स्वसंरक्षणाचं म्हणशील तर तो विचार सोड. झटापटीत चाकू हिसकावला जातो आणि तुझ्यावरच उलटतो. खिशात शिट्टी, टॉर्च ठेव, ११२ लाव, पळ काढ. शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं. शेती-घरकामाच्या हत्यारांना सूट आहे, पण बाजारात कमरेला विळा लावून हिंडलास तर पोलीस विचारणारच.

उरलेल्या पैशांत धारेचा दगड घे. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि तो घसरतो तेव्हाच हात कापतो.