मेंटेनन्स थांबवू नकोस, अर्ज लिही

प्रिय,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. घर घेऊन चार महिने झाले, बाथरूमचं छत गळतंय, वरच्या मजल्यावरचे काका दाद देत नाहीत, सेक्रेटरी नुसतं "बघतो, बघतो" म्हणतात. म्हणून या तिमाहीपासून मेंटेनन्सच भरायचा नाही, असं तू ठरवलं आहेस. डोक्यावर पाणी ठिबकत असताना राग येणारच. पण पैसे थांबवलेस तर या प्रकरणात तुझीच बाजू सगळ्यात आधी कमकुवत होईल, म्हणून ते आधी सांगायला हवं.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत मेंटेनन्स म्हणजे इमारत चालवण्याच्या खर्चातला तुझा वाटा. तुझं छत गळतंय म्हणून वॉचमनचा पगार किंवा जिन्यातल्या दिव्यांचं बिल थांबत नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची शासनाची नमुना नियमावली) थकबाकीवर सोसायटी वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावू शकते. नेमका दर सर्वसाधारण सभा ठरवते. त्यापुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं कलम १५४ब-२९ आहे, जुन्या कलमाच्या क्रमांकावरून जुनी माणसं त्यालाच अजून "१०१ ची केस" म्हणतात. त्यात सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तिथे छताचे फोटो दाखवून उपयोग होत नाही, खातेउतारा बघितला जातो. शिवाय लेखी मागणी येऊनही तीन महिन्यांत पैसे भरले नाहीत, तर थकबाकीदार म्हणून कमिटीची दारं बंद. आणि रोजच्या व्यवहारातला तोटा याहून मोठा: तुझ्या प्रत्येक अर्जाला "आधी थकबाकी भरा" हे एकच उत्तर मिळत राहतं.

बिलातली एखादी रक्कम चुकीची वाटत असेल तर पूर्ण बिल भर आणि त्याच दिवशी "अमुक रकमेला हरकत नोंदवून बिल भरत आहे" असं पत्र दे. उलट बाजूही माहीत असू दे. थकबाकीसाठी पाणी तोडणं किंवा लिफ्ट वापरू न देणं, हे कमिटीच्या अधिकारात बसत नाही. वसुलीचा रस्ता उपनिबंधकांकडूनच जातो.

आता ते बिल समोर घे. बहुतेक लोक फक्त खालची बेरीज बघतात, आणि चूक वरच्या ओळींमध्ये असते. सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, ऑफिसचा पगार, सामाईक वीज, छपाई, लेखापरीक्षण फी वगैरे, सगळ्या फ्लॅटना समान वाटायचं असतं. वन बीएचके असो की थ्री बीएचके, आकडा तोच. लिफ्टचा खर्चही समान, तळमजल्यावाल्यांनाही. पाणीपट्टी मात्र फ्लॅटमध्ये किती नळजोड आहेत आणि किती इंचाचे, त्यावर. विमा आणि बिनशेती कर बांधीव क्षेत्रफळावर. "सगळंच चौरस फुटावर" किंवा "सगळंच समान" असं सरसकट बिल दिसलं तर समज की उपविधी उघडून कोणी पाहिलेले नाहीत.

दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के, दोन्ही दरसाल. बांधकाम खर्च म्हणजे जागेची किंमत वगळून. समज तुझ्या फ्लॅटचा बांधकाम खर्च ८ लाख धरला, तर दुरुस्ती निधी वर्षाला ६,००० म्हणजे महिन्याला ५०० रुपये, आणि सिंकिंग फंड वर्षाला २,००० म्हणजे महिन्याला साधारण १६७. तू फ्लॅट ज्या भावाने घेतलास त्यावर हे टक्के लावलेले असतील तर आकडा भलताच फुगतो.

फ्लॅट पुढे कधी भाड्याने दिलास तर नॉन-ऑक्युपन्सी शुल्क लागेल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे एकूण बिलावर १० टक्के लावणं. सेवाशुल्क १,८०० असेल तर १८० रुपये. पण एकूण बिल ४,५०० धरून ४५० आकारले जातात आणि भाडेकरू बदलला तरी कोणी विचारत नाही. व्याजाची ओळही तपास. आधीच्या तिमाहीचं व्याज "मागील बाकी"त मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढत असेल तर ते चक्रवाढ झालं. बऱ्याचदा सॉफ्टवेअरची मांडणी चुकलेली असते, खजिनदारांचा हेतू वाईट नसतो. तेव्हा आरोप न करता आकडा दाखव.

तुझ्या मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही, तो म्हणजे सभासदत्व. फ्लॅट पुनर्विक्रीचा आहे ना? नोंदणी कार्यालयात करार झाला म्हणून सोसायटीच्या दफ्तरी तू आपोआप सभासद होत नाहीस. हस्तांतरणाचे अर्ज, कराराची प्रत, ५०० रुपये हस्तांतरण फी आणि १०० रुपये प्रवेश फी द्यावी लागते. त्याशिवाय हस्तांतरण अधिमूल्य म्हणजे ट्रान्स्फर प्रीमियम सर्वसाधारण सभा ठरवेल तेवढं, पण ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. "इमारत निधी", "स्वेच्छा देणगी" अशा नावांनी वर काही मागता येत नाही. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. शेअर सर्टिफिकेटच्या मागे तुझं नाव चढलं का, आणि "आय" व "जे" नमुन्याच्या सभासद नोंदवह्यांत नोंद झाली का, हे डोळ्यांनी बघून घे. नाव चढलेलं नसेल तर मतदान नाही, सभेत उभं राहून बोलणंही अवघड. गळतीच्या आधी हे काम उरकायचं आहे.

आता गळती. भांडण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायला हवं, कारण खर्च कोणाचा हे त्यावरच ठरतं. छतावरच्या ओलीची कड पेन्सिलने आखून तिथेच तारीख लिही आणि फोटो काढ. दर दोन दिवसांनी नवी कड आख. आठवड्यात ते छत स्वतःच बरंच सांगतं. थेंब दिवसरात्र एकाच वेगाने पडत असेल तर भिंतीत गाडलेली पाण्याची लाइन. सकाळी आंघोळीच्या वेळी वाढून दुपारी थांबत असेल तर नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचा सांडपाण्याचा सांधा) किंवा कमोडचा सांधा. ओल हळूहळू पसरते, पिवळट कडा धरते आणि थेंब क्वचितच पडतो, तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं. फक्त पावसाळ्यात किंवा फक्त डक्टच्या (पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेच्या) बाजूलाच येत असेल तर बाहेरची भिंत नाहीतर सामाईक पाइप.

खात्रीसाठी काकांना तीन दिवस मागून घे, एका दिवशी एकच चाचणी. पहिल्या दिवशी त्यांच्या बाथरूमचा स्टॉपकॉक रात्रभर बंद. गळती मंदावली तर लाइनच दोषी. दुसऱ्या दिवशी नहाणीच्या तोंडाला कापडाचा घट्ट बोळा कोंबून फरशीवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं. तिसऱ्या दिवशी बोळा काढून रंग कालवलेलं पाणी नहाणीत आणि कमोडमध्ये सोडायचं. स्लॅबमधून पाणी उतरायला तासन्‌तास लागतात. त्यामुळे तिन्ही चाचण्या एका दुपारी उरकल्या तर काहीच कळत नाही आणि प्लंबर अंदाजाने फरशी फोडायला घेतो.

खर्चाची वाटणी आदर्श उपविधींमध्ये स्पष्ट आहे. पावसाची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनींची गळती, स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती, गच्चीतून झिरपून सगळ्यात वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान, हे सगळं सोसायटीकडे. टॉयलेट, सिंक यांच्यामुळे फ्लॅटच्या आतून होणारी गळती संबंधित फ्लॅटधारकाकडे, सोसायटीला कळवून. म्हणजे काकांची नहाणी गळत असेल तर खर्च काकांचा. पण त्या पाण्याने स्लॅबची सळई गंजून फुगली असेल तर तो भाग सोसायटीनेही बघायला हवा. "दोघं आपसात बघून घ्या" हे उत्तर पुरेसं नाही.

खालून प्लास्टर करून किंवा केमिकल भरून गळती बुजवू नकोस, फॉल्स सीलिंगने तर मुळीच नाही. पाणी वाट बदलतं, भिंतीत नाहीतर विजेच्या पाइपात शिरतं. ओलीजवळ दिवा असेल तर तो पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून आजच तोडून घे. खरी दुरुस्ती वरूनच होते: फरशी काढणं, ट्रॅप बदलणं, वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर किमान फूटभर चढवणं, आणि नवी फरशी बसवायच्या आधी पुन्हा पाणी उभं करून बघणं. या शेवटच्या पायरीलाच कंत्राटदार टाळाटाळ करतात. काकांचं बाथरूम आठवडाभर बंद राहणार आहे, हेही ध्यानात ठेव. वयस्कर माणसाला ती मोठीच अडचण. त्या दिवसांत तुझं बाथरूम वापरायला दे, निम्मं काम तिथेच होईल.

एवढं करूनही हललं नाही तर कागद. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मजकूर चहाच्या टपरीवरच्या बोलण्याइतकाच, त्याला आवक क्रमांक मिळत नाही. एका अर्जात एकच विषय ठेव, सोबत फोटो जोड आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घे. पोच नाकारली तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. तक्रार पुढच्या कमिटी बैठकीत ठेवून त्यानंतर १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. तो आला नाही तर पुढचं दार कोणतं, इथे खूप जण चुकतात आणि वर्ष वाया घालवतात. दफ्तर दाखवत नाहीत, सभासद करून घेत नाहीत, वार्षिक सभा घेत नाहीत, अशा तक्रारी उपनिबंधकांकडे. दुरुस्ती, गळती, पार्किंग, असमान पाणीपुरवठा, जादा आकारणी, हे वाद सहकार न्यायालयात. बेकायदा बांधकाम महापालिकेकडे, धमकी आणि दमदाटी पोलिसांकडे. गळती घेऊन उपनिबंधकांकडे गेलीस तर बहुधा हात हलवत परत येशील.

सभेबद्दल थोडक्यात. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी, नोटीस पूर्ण १४ दिवसांची, सोबत हिशेब. तुझा विषय कार्यक्रमपत्रिकेवर हवा असेल तर नोटीस निघण्याआधीच लेखी दे. "आयत्या वेळचे विषय" यात पैशांचे आणि दुरुस्तीचे ठराव टिकत नाहीत. एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला लहान आकडा हा कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. एक पंचमांश सभासदांच्या सह्या जमल्या तर विशेष सभा मागता येते आणि ती महिन्याभरात घ्यावी लागते. फक्त एक लक्षात असू दे: मागणीवरून बोलावलेली सभा कोरम नसेल तर पुढे ढकलली जात नाही, तिथेच रद्द होते. सह्या करणाऱ्यांना सभेला हजरही राहायला सांग.

इमारत किती वर्षांची, ते तू लिहिलेलं नाहीस. १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० च्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ते झालंय का, हे याच अर्जाच्या निमित्ताने विचार. आणि तुझ्या सोसायटीने २०१४ चे आदर्श उपविधी स्वीकारलेत की जुनेच चालू आहेत, ते पाहून मगच उपविधी क्रमांक लिही. चुकीचा क्रमांक पडला की उत्तर देणारा फक्त त्यावरच बोलतो.

अर्ज एवढा पुरे:

"मा. सचिव यांस. विषय: फ्लॅट क्र. … च्या बाथरूमच्या छतातून होणारी गळती. दि. … पासून वरील ठिकाणी गळती सुरू आहे. तारखेसह फोटो सोबत जोडले आहेत. दि. … ते … या काळात वरच्या फ्लॅटमध्ये केलेल्या तीन चाचण्यांचा निष्कर्ष असा: … . कमिटीने सोसायटीच्या प्लंबरकडून संयुक्त पाहणी करून घ्यावी, स्लॅबच्या सळईची स्थिती तपासावी, दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे लेखी ठरवावे आणि निर्णय मला कळवावा. शेवटचे स्ट्रक्चरल ऑडिट कधी झाले, तेही कळवावे. चालू तिमाहीचे मेंटेनन्स दि. … रोजी भरले असून पावती जोडली आहे."

शेवटचं वाक्य गाळू नकोस. त्यातली तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असू दे.

तुझा,
हितचिंतक