मिरर ताजा ठेवायचा तर

भाऊ, मिरर म्हणजे साइटची हुबेहूब प्रत, तिच्यासाठी जळगावात बसून रोज अख्खी साइट नव्याने उतरवतोस, ते आधी बंद कर. आरसिंक (rsync) घे, दोन ठिकाणच्या फाइली जुळत्या ठेवणारा प्रोग्राम. १९९६ पासूनचं आहे, पण फाइलचा आकार नि बदलाची वेळ ताडून फक्त बदललेलंच आणतं. मोठ्या फाइलीतलाही बदललेला तुकडाच. मात्र वेळ जपणारा 'टी' पर्याय विसरलास, तर पुढच्या खेपेला सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतात. भुसावळच्या मशीनवर माझं हेच झालं, रात्रभर डिस्क घरघरत होती. चेकसम, म्हणजे प्रत्येक फाइल पूर्ण वाचून ताडणं, रोज नको. मुळात नसलेल्या फाइली तुझ्याकडूनही पुसणारा 'डिलीट' पर्याय लावण्याआधी ड्राय-रन, म्हणजे काही न बदलता नुसती चाचणी, करच: मूळ फोल्डर चुकून रिकामा असला तर तुझाही रिकामा होईल. आणि ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा क्रॉन बरोबर बाराला नको, सगळे तेव्हाच धडकतात; बारा सदतीस लाव.