क्लाउझर मिनो पाण्यात कुशीवर का पडते?

तुमचा प्रश्न असा: बास आणि ट्राउट या माशांसाठी क्लाउझर मिनो (गळावर दोऱ्याने केस बांधून केलेली नकली ‘माशी’, म्हणजे आमिष) बांधली, डोळे चांगले जड लावले, तरी ओढताना ती कुशीवर पडते आणि गिरक्या घेते. काय चुकतंय?

बहुतेक, गळावर बांधलेले हरणाचे केस जास्त झालेत. मीही पहिलं वर्षभर माशी म्हणून रंगाऱ्याचे ब्रशच बांधत होतो.

ही माशी आमच्याच सस्क्वेहाना नदीवरची. पेनसिल्व्हेनियाच्या बॉब क्लाउझरने १९८७ साली स्मॉलमाउथ बाससाठी ती बांधली, नाव मात्र मासेमारीवर लिहिणाऱ्या लेफ्टी क्रेने दिलं. नावाला माशी, रूपाने मासोळी. सगळी गंमत त्या शिशाच्या डंबेलसारख्या डोळ्यांत आहे, म्हणून आधी तेच तपासा.

गळ टोक खाली ठेवून व्हाइसमध्ये (गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा) अडकवा. दांडीवर दोऱ्याचा थर द्या. नेढ्यापासून (दोर ओवायच्या भोकापासून) साधारण एक तृतीयांश अंतरावर डोळे बसवा, दांडीच्या वरच्या अंगाला. जड बाजू पाण्यात खाली जाते, त्यामुळे माशी उलटते, गळाचं टोक वर राहतं आणि दगडांत अडकत नाही. डोळे दांडीच्या खाली बांधलेत तर हा सगळा खेळच संपला. वेढे आठच्या आकड्यासारखे तिरपे द्यायचे (आपला ८ नव्हे, इंग्रजीतला!), मग दांडी आणि डोळे यांच्या मधून आडवे आवळायचे, वर सुपर ग्लूचा थेंब. नंतर बोटाने ढकलून बघा. डोळा जरा जरी फिरला तरी सोडवा आणि पुन्हा बांधा. कुशीवर पडण्याचं दुसरं कारण हेच.

आता केस. हरणाच्या शेपटीच्या बुडाजवळचे केस पोकळ असतात, दोरा आवळला की फुलतात. टोकाकडचे घ्या. बट काडेपेटीतल्या काडीपेक्षा जाड नको, आणि आतली आखूड लव उपटून टाका. टोकं ठोकून सारखी करू नका. ती उणीअधिक राहिली तरच मासोळीसारखी निमुळती दिसतात. लांबी दांडीच्या दुप्पट ते अडीचपट. पांढरे केस डोळ्यांच्या पुढे बांधा, दोन डोळ्यांच्या मधून मागे न्या आणि डोळ्यांच्या मागे पुन्हा बांधा. हे पोट. मग गळ उलटा करा, चमकीचे पाच-सहा धागे घाला आणि त्यावर पोपटी केस. ते फक्त डोळ्यांच्या पुढेच बांधायचे, मागे मोकळे. ही पाठ. बांधून झाल्यावर माशी उजेडासमोर धरा. आरपार दिसत नसेल तर केस अजून जास्तच आहेत.

बाससाठी मी २ किंवा ४ नंबरचा गळ घेतो. ४ नंबरवर औंसाच्या छत्तिसाव्या भागाचे डोळे, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या जरा वर, पुरतात. ट्राउटसाठी ६ किंवा ८ नंबर (आकडा वाढला की गळ लहान होतो), पाठ तपकिरी किंवा शेवाळी. उथळ ओढ्यात तर पंखा ओढायच्या साखळीतले दोन जोडलेले मणी कापून लावतो. शिशाचे डोळे आवाजच एवढा करत पडतात की ट्राउट पळालीच म्हणून समजा. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर तिथे शिसं चालत नाही, पितळ किंवा टंगस्टन घ्या.

आणि एकसारखी ओढत राहू नका. दोन झटके, मग थांबा. थांबलात की ती नाक खाली करून बुडते, आणि बास बहुतेक तेव्हाच घेतो. दोर ढिला सोडलात तर कळणारही नाही. फेकताना टोपी-चष्मा घाला. माझ्या मानेवर अशा एका डोळ्याचं टेंगूळ आठवडाभर होतं.