टर्नटेबलसाठी १५ हजारांत कुठला फोनो स्टेज घ्यावा? महागड्यात खरंच फरक ऐकू येतो का?

तुमच्याकडे ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स आहे, अँपला फोनो इनपुट नाही, आणि टर्नटेबलमधलाच बिल्ट-इन फोनो स्टेज (सुईचा बारीक सिग्नल अँपला पुरेल इतका मोठा करणारं सर्किट) वापरू की वेगळा घेऊ असं विचारलंय. त्यावर येतो. पण 'महागड्यात खरंच फरक ऐकू येतो का' हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच एका वाक्यावरून आमच्याकडे तीन वर्षं धुसफूस चालू आहे.

आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या मिस्टरांनी, ४० हजारांचा फोनो स्टेज घेतला. कंपनीचं नाव जाऊ दे. माझा तेव्हा पुण्याच्या तापकीर गल्लीतून पार्ट आणून स्वतः सोल्डर केलेला, एनई५५३२ चिपवाला, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात बसवलेला (शिल्डिंग फुकट मिळतं, हसू नका). भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा हौसेने घेऊन गेलो. ओवाळणी झाली, फराळ झाला, भीमसेनांची एलपी लावली, आधी माझा डबा आणि मग त्यांचा. त्यांचा लागला आणि सगळी मंडळी वा वा करायला लागली, मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. "तंबोरा बघ कसा भरून आलाय, तुझ्या डबड्यात हे नाही यायचं," भाऊजी म्हणाले. सगळ्यांसमोर. भाऊजींना काय बोलणार, चकली खात बसलो.

पण डोक्यात किडा राहिला. पुढच्या रविवारी मल्टिमीटर घेऊन परत गेलो. भाऊजींकडे टेस्ट रेकॉर्ड होती, विकत घेऊन कधी न वाजवलेली. तिच्यावरचा १ किलोहर्ट्झचा टोन लावला आणि स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजले. व्हॉल्यूमला हात न लावता माझ्या डब्यावर १.४ आणि त्यांच्यावर २ च्या आसपास. म्हणजे त्यांचा ३ डीबी जास्त गेनचा, सिग्नल तेवढा जास्त मोठा करणारा, बास. आणि कानाची गंमत अशी आहे की थोडं मोठं वाजलं की ते 'मोठं' वाटत नाही, 'भारी' वाटतं. (स्वस्त मीटर १ किलोहर्ट्झला अचूक आकडा दाखवतीलच असं नाही, पण दोन्ही वेळा तोच मीटर असेल तर तुलनेला चालतो.)

मग नॉबवर मास्किंग टेप लावून दोन खुणा केल्या, दोन्हीकडे व्होल्टेज सारखं येईल अशा. आम्ही दोघं गॅलरीकडे तोंड करून बसलो आणि ताई मागे वायरी बदलत होती, दर वेळी व्हॉल्यूम शून्यावर आणून. दहा फेऱ्या. मी सहा बरोबर ओळखल्या, भाऊजींनी चार. नाणं उडवलं असतं तरी हेच आलं असतं. भाऊजी म्हणाले आज सर्दी आहे. ती सर्दी अजून बरी झालेली नाही, कारण परत बसा म्हटलं की विषय बदलतात.

आता यातली खरी गोष्ट ऐका, जी दुकानात कोणी सांगत नाही. नंतर त्यांचा तोच फोनो मी चार दिवस माझ्या घरी आणला तर गाण्यातला प्रत्येक स आणि श टोचायला लागला. त्यांच्याकडे ऑर्टोफॉनची टूएम रेड कार्ट्रिज (सुई बसवलेलं डोकं), तिला फोनो आणि वायर मिळून १५० ते ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्स चालतं. माझ्याकडे व्हीएम९५ई, तिला १०० ते २०० च लागतं. त्यांच्या बॉक्समध्ये आत २२० फिक्स, वर वायरचे शंभरेक, माझ्या कार्ट्रिजला जास्त झालं की कल्याण. माझ्या डब्यात मी तो कपॅसिटर काढूनच टाकलाय. म्हणजे फरक ऐकू येतो, पण तो किमतीचा नव्हता, जोडी न जमल्याचा होता.

तुमच्या १२०एक्सवर व्हीएम९५ईच येते ना? मग घ्यायच्या आधी इनपुट कपॅसिटन्स किती ते बघा, बदलता येत असेल तर उत्तमच. प्रोजेक्टचे छोटे फोनो बॉक्स, रेगाचा फोनो मिनी वगैरे नावं बघून झोप उडवू नका. आणि आधी बिल्ट-इनवरच महिनाभर ऐका, मागचा स्विच लाइनवर ठेवून, वायर अँपच्या ऑक्समध्ये. वेगळा आणलात तर तो स्विच फोनोवर करायला विसरू नका, नाहीतर आरआयएए (रेकॉर्डचा बास-ट्रेबल मूळ जागी आणणारी दुरुस्ती) दोनदा लागेल आणि वर इनपुट ओव्हरलोड होऊन आवाज फाटेल.

हं, एक राहिलं. हे सगळं एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, सुईबरोबर चुंबक हलतं ती) कार्ट्रिजचं झालं. उद्या लो आउटपुट एमसी (मूव्हिंग कॉइल, चुंबकाऐवजी कॉइल हलते ती) घेतलीत तर सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली जातो, ६० डीबीच्या आसपास गेन लागतो आणि तिथे स्वस्त सर्किट सूं सूं करतं. तिथे पैसे टाका, भाऊजींचं बरोबर आहे असं समजा. शिवाय माझं वय ५२, वरचं फारसं ऐकू येत नाही मला, तुमचे कान तरणे असतील तर तुमचं तुम्ही बघा. हम (घूं घूं आवाज) तपासताना मात्र सुई उचलून बघा, आपल्याकडच्या रेकॉर्डींत तंबोरा सगळा हम झाकून टाकतो.

पुण्यात असाल तर टेस्ट रेकॉर्ड माझ्याकडून घेऊन जा. आहे भाऊजींचीच, पण त्यांनी परत मागितलेली नाही.