आजी म्हणते तो योग

कॅलगरी, रविवार रात्र

सानू,

तुझा मेसेज दोनदा वाचला. "आजी म्हणते योग कर, मन शांत होईल. जिममधला योगा क्लास सहा आठवडे केला. पाय मोकळे झाले, मन होतं तिथंच आहे. आजीला नक्की काय म्हणायचंय?" आणि खाली, जाता जाता लिहिल्यासारखं: रूममेटला हवी ती इंटर्नशिप मिळाली, आणि तुला चार दिवस झोप नाही. फोनवर हे धड बोलणं होणार नाही, म्हणून लिहिते.

क्लास सोडू नकोस, पाय मोकळे झाले हेही काही थोडं नाही. पण पतंजलींच्या योगसूत्रांत १९५ सूत्रं आहेत (काही प्रतींत १९६) आणि त्यांतली आसनांवरची फक्त तीन. स्थिर आणि सुखाचं ते आसन, एवढंच त्यांतलं पहिलं सांगतं. बाकी सगळा ग्रंथ मनाच्या मागे लागलेला.

तुझा प्रश्न पहिल्या पादातल्या, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या भागातल्या, ३३व्या सूत्राचा आहे. तिथला शब्द 'चित्तप्रसादन'. मन शांत करणं, असा अर्थ सांगून आपण मोकळे होतो. पण संस्कृतात पाणीही 'प्रसन्न' असतं, म्हणजे नितळ, तळ दिसणारं. मराठीत त्याला फार नेमका शब्द आहे, निवळणं. वाईच्या घरी पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. आजी कळशीत तुरटीचा खडा पाच-सहा वेळा गोल फिरवायची आणि कळशी झाकून कोपऱ्यात ठेवायची. मी झाकण उचलायला गेले की ओरडायची, "हात लावू नकोस गं, ढवळेल!" सकाळी वरचं पाणी अलगद ओतून घ्यायची. तळाशी बोटभर गाळ. तो कुठं गेलेला नसायचा, फक्त खाली बसलेला असायचा.

आता गंमत बघ. मन निवळायला हे सूत्र डोळे मिट म्हणत नाही, लोकांशी कसं वागायचं ते सांगतं. सुखात आहे त्याच्याशी मैत्री, दुःखात आहे त्याच्याविषयी करुणा, चांगलं करणाऱ्याला पाहून मुदिता म्हणजे आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा. उपेक्षा म्हटलं की आपल्याला हेळसांड आठवते, तसं नाही. त्याचा हिशेब मनात ठेवायचा नाही, इतकंच. कळशी ढवळतं कोण? माणसंच. दुसऱ्याचं सुख, दुसऱ्याचं यश. करुणा आपल्याला त्या मानाने जमते. कुणाचं काही वाईट झालं की आपण डबा घेऊन हजर. मैत्री आणि मुदिता यांच्यापाशी मात्र घोडं अडतं.

तू आठवीत होतीस. डब्यातली पोळी तशीच परत आणलीस म्हणून मी केवढी ओरडले होते, आठवतं? ती पोळीमुळे नव्हतं. त्या दुपारी ऑफिसात, जिला मी काम शिकवलं होतं तिला माझ्या वरची जागा मिळाली. मी हसून टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला, आणि घरी येऊन तुझ्यावर फुटले. रात्री आजीला फोन लावून रडले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिला जेवायला बोलाव." मला इतका राग आला म्हणून सांगू! पण बोलावलं. ती आली, कटाची आमटी दोनदा मागून घेतली, पोळी लाटायला शिकव म्हणाली. मला आनंद झाला का? त्या दिवशी तरी नाही. पण रात्री झोप लागली.

हे एकदा करून भागत नाही. मन आवरायला पतंजली दोन गोष्टी सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन कुरकुरतो की मन वाऱ्यासारखं आहे, धरता येत नाही, तेव्हा कृष्णही हीच जोडी पुढे करतो. वैराग्याचं मला विचारू नकोस, साड्यांचं कपाट तू पाहिलंयस. अभ्यास म्हणजे मात्र पुस्तक घेऊन बसणं नव्हे. पुष्कळ दिवस, खंड न पडता, मनापासून तेच तेच करणं. आजी साठ वर्षं रोज पहाटे बसते, आणि अजूनही म्हणते, "आज काही बसलं नाही गं मन."

३३व्यानंतरची सहा सूत्रं मला फार आवडतात. प्रत्येकात एक 'वा' आहे, 'किंवा'. हे जमत नसेल तर ते कर. पहिलं श्वासाचं: सावकाश बाहेर सोडायचा आणि बाहेरच जरा थांबायचं. झोप येत नसेल तेव्हा दहा वेळा कर, ओढाताण न करता. शेवटचं तर म्हणतं, तुला आवडेल त्याचं ध्यान कर. इतका समजूतदार मास्तर मला शाळेत भेटला नाही.

आजीला फोन कर, पण तिकडचे सकाळचे आठ वाजून गेल्यावर. आणि शनिवारी एडमंटनहून येशील तेव्हा रूममेटलाही घेऊन ये. तिखट चालतं का तिला, विचारून ठेव. कटाची आमटी करते.

आई