फूटीच्या गेमवरून बापलेकाचा अबोला

नमस्कार ताई,

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, जन्म इथलाच, आणि फूटीचं, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं, प्रचंड वेड. त्याचा संघ बुलडॉग्ज हरला की त्या रात्री धड जेवत नाही. आजोबांनी वाढदिवसाला दिलेले पैसे साठवून त्याने फूटीचा नवा व्हिडिओ गेम डाउनलोड केला आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. गेम अर्धवट आहे, आपल्याला फसवलं, हेच पालुपद. बाकीच्यांच्या तक्रारी वाचत बसतो, स्वतःही लिहितो. परवा मी डोकावले तर त्यात चक्क शिव्या होत्या. ह्यांचं म्हणणं, "गेमच आहे ना, त्यात एवढं काय?" त्यावर त्याने दार आपटलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. धाकटी नऊ वर्षांची आहे, तिला तो कंट्रोलरला हातही लावू देत नाही. मी कन्सोल काढून घेऊ का? पैसे परत मिळतील का? मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

– एक आई

नमस्कार.

कन्सोल काढून घेऊ नका. निदान या कारणासाठी तरी नको. शिव्यांचं काय करायचं ते पुढे सांगते, पण त्याच्या रागात तथ्य आहे, आणि ते तुम्ही दोघांनी आधी समजून घ्यायला हवं.

फूटी हा मेलबर्नचा खेळ. त्याचे पहिले नियम १८५९ साली याच शहरात लिहिले गेले, आणि आजही मोठ्या पातळीवर तो जवळजवळ या एकाच देशात खेळला जातो. त्यामुळे फुटबॉलच्या किंवा बास्केटबॉलच्या गेमला जगभर गिऱ्हाईक मिळतं, तसं फूटीच्या गेमला मिळत नाही. बाजारपेठ लहान, म्हणून पैसा कमी, म्हणून दरवर्षी नवा गेम येत नाही. फूटीची मुख्य लीग म्हणजे एएफएल. तिच्या नावाने २०१७ मध्ये एएफएल इव्होल्यूशन आला, २०२० मध्ये त्याचा दुसरा भाग, २०२३ मध्ये एएफएल २३ आणि २०२५ च्या मे महिन्यात एएफएल २६. मधली दोन-तीन वर्षं ही मुलं वाट बघत असतात. तेरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे किती मोठा काळ, याचा विचार करा.

एएफएल २३ आला तेव्हा काय झालं, हे इथल्या फूटीप्रेमींना अजून आठवतं. प्रकाशन पुढे ढकललं गेलं, एक्सबॉक्सवाल्यांना आणखी थांबावं लागलं, गेम मध्येच बंद पडायचा, आणि जाहीर केलेल्या काही गोष्टी पहिल्या दिवशी गेममध्ये नव्हत्याच, त्या पुढच्या काही महिन्यांत अपडेटमधून एकेक करून आल्या. तरीही बरेच जण टिकून राहिले, कारण आपल्या क्लबची जर्सी घालून एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, उतरायला दुसरा गेमच नव्हता. दोन वर्षांनी एएफएल २६ आला तेव्हा काहींना खेळ सुधारलेला वाटला. पण पुष्कळांचा सूर असा होता की जुन्यातलंच बरंचसं पुन्हा पूर्ण किमतीला विकलं जातंय, आणि चुका शोधायचं काम पुन्हा आमच्याच गळ्यात पडलंय. तुमचा लेक वाचत बसतो त्या तक्रारींच्या मागे हा सगळा इतिहास आहे. तो एकटाच किरकिऱ्या निघालाय असं मुळीच नाही.

आणि हा खेळ संगणकात उतरवणं खरोखर अवघड आहे. एका बाजूला १८, म्हणजे मैदानात एकूण ३६ खेळाडू. ऑफसाइड नाही, त्यामुळे कोणीही कुठेही धावू शकतो. चेंडू लंबगोल, टप्पा कुठे पडेल त्याचा नेम नाही. मैदानंसुद्धा एका मापाची नाहीत. एमसीजी ऐसपैस आहे, जीलॉंगचं मैदान लांब पण अरुंद. गेममध्ये तुम्ही एक खेळाडू चालवता, बाकीच्या ३५ जणांनी स्वतःच्या अकलेने पळायचं असतं. तुमचा साथीदार मोकळ्या जागेत धावत न जाता बघत उभा राहिला की फूटी कळणाऱ्या माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एक नियम सांगते, तेवढा कळला तरी मुलाशी बोलायला पुरेल. तुमच्या यजमानांना कबड्डीतली पकड माहीत असेल, फूटीतला टॅकल त्यांना चटकन समजेल. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला पकडलं, आणि आधी संधी मिळूनही त्याने चेंडू लाथेने किंवा मुठीने पुढे दिलेला नसला, तर चेंडू पकडणाऱ्याच्या संघाला मिळतो. एमसीजीवर अशी पकड झाली की सगळं स्टेडियम एका सुरात ओरडतं, "बॉऽऽल!" आता 'आधी संधी' मिळाली होती का, हा सगळा अंपायरच्या नजरेचा प्रश्न. त्यावरून दर आठवड्याला इथल्या ऑफिसांत आणि पबमध्ये वाद होतात. जे खऱ्या अंपायरला जमत नाही अशी लोकांची ओरड असते, ते गेमला एका क्षणात ठरवायचं असतं. तिथे तो चुकला की मुलाला लगेच दिसतं. ज्याला फूटीत गम्य नाही त्याला हे दिसणारच नाही. तुमच्या मुलाला दिसतं, कारण या शहराचा खेळ त्याच्या अंगात भिनलाय.

म्हणून पहिलं काम तुमच्या यजमानांचं आहे. त्यांनी मुलाशेजारी बसावं आणि म्हणावं, "नेमकं काय बिघडलंय, मला दाखव." मग गप्प बसून बघावं. मध्ये उपदेश नको, किमतीचा विषय नको. तुमचे यजमान क्रिकेटचे गेम खेळत असतील तर त्यांना हेही सांगा: एएफएल २३ आणि एएफएल २६ बनवणारी बिग अँट ही मेलबर्नचीच कंपनी, आणि क्रिकेट २४ हा गेमही तिचाच. फलंदाज धावबाद असताना गेमने नाबाद दिला तर बाबांचा जीव किती तुटेल? तेवढाच मुलाचा तुटतोय. "गेमच आहे ना" हे वाक्य मात्र घरातून कायमचं काढून टाका. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे वाक्य फार लागतं. आईबाबांचा खेळ तो खराखुरा आणि आपला तो फालतू, असं त्यांना त्यातून ऐकू येतं.

आता शिव्या. तिथे ढिलाई नको. तक्रार करण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे, पण समोर काम करणारी माणसं आहेत आणि त्यांच्या आईबापांचा उद्धार करायचा नाही, हे स्पष्ट बजावा. लिहिलेलं पुसायला लावा आणि तुमच्यासमोर नव्याने लिहायला सांगा. "बकवास गेम, पैसे परत द्या" याने कोणाला काही कळत नाही. त्याऐवजी कोणत्या कन्सोलवर, कोणत्या मैदानावर, कितव्या क्वार्टरला (सामन्याच्या चार भागांपैकी कितव्यात), काय केल्यावर काय झालं आणि ते पुन्हा होतं का, हे लिहावं. बनवणाऱ्यांना दुरुस्ती करायची तर हेच लागतं. तेरा वर्षांचा मुलगा हे उत्तम करू शकतो. एकदा जमलं की उद्या बँकेला, परवा घरमालकाला पत्र लिहितानाही त्याला ते उपयोगी पडेल.

पैशांचं सांगते. ऑस्ट्रेलियात डाउनलोड केलेल्या गेमलाही ग्राहक कायदा लागू होतो. "डिजिटल आहे, परत घेत नाही" असं म्हणून विक्रेत्याला हात झटकता येत नाहीत. स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला २०१६ साली परताव्याच्या हक्काबद्दल ग्राहकांची दिशाभूल केल्यावरून ३० लाख डॉलर दंड झाला. प्लेस्टेशनच्या दुकानाला, म्हणजे सोनीच्या युरोपातल्या कंपनीला, २०२० मध्ये अशाच कारणासाठी ३५ लाख डॉलर. दोष मोठा असेल, म्हणजे आधी माहीत असता तर कोणी गेम घेतलाच नसता किंवा जे सांगून विकलं ते मिळालंच नाही, तर पैसे परत मागता येतात. दोष किरकोळ असेल तर विक्रेत्याला दुरुस्तीसाठी वाजवी वेळ द्यावा लागतो, आणि अपडेट ही दुरुस्तीच. नुसता हिरमोड झाला म्हणून हा कायदा कामी येत नाही. गेम स्टीमवर घेतला असेल तर तिथली स्वतःची सोय वेगळी आहे: खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर कारण न विचारता पैसे परत करतात. दोन तास उलटून गेले असतील तर दोष दाखवून कायद्याच्या वाटेने जायचं. विक्रेत्याने दाद दिली नाही तर कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया ही राज्य सरकारची ग्राहक संस्था आहे.

पण परत करायचं की ठेवायचं हे मुलाला ठरवू द्या, पैसे त्याचे आहेत. तो बहुतेक ठेवेल असा माझा अंदाज आहे.

कार्ड मात्र तुमच्या ताब्यात असू द्या, खरेदीला पासवर्ड लावा. आजकाल खेळांच्या गेममध्ये नशिबावर अवलंबून असणारे खेळाडूंचे पॅक विकायची पद्धत आहे. ज्यात असे पैसे देऊन घ्यायचे पॅक आहेत, त्या गेमला सप्टेंबर २०२४ पासून इथे किमान 'एम' वर्गीकरण मिळतं, म्हणजे पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी त्याची शिफारस नसते. खरेदी करण्यापूर्वी ती खूण बघत जा. खेळायच्या वेळेचं म्हणाल तर क्वार्टरच्या मध्ये टीव्ही बंद करू नका. "हा क्वार्टर संपला की बंद" एवढं सांगा. फूटीत विश्रांती असतेच, तिचा फायदा घ्या.

धाकटीचा प्रश्न मला मुलाच्या रागापेक्षा मोठा वाटतो. फूटीची महिलांची लीग, एएफएलडब्ल्यू, २०१७ मध्ये सुरू झाली. कार्लटन आणि कॉलिंगवूडच्या पहिल्याच सामन्याला एवढी गर्दी लोटली की मैदानाचे दरवाजे बंद करावे लागले, बाहेर लोक तसेच उभे. एएफएल २३ मध्ये महिलांचे १८ संघही खेळायला होते. मुलाच्या गेममध्ये ते आहेत का, ते तिच्याबरोबर बसून शोधा. स्वतःचा खेळाडू तयार करायची सोय या गेममध्ये असते. तुमचं आडनाव लावून तिची एक खेळाडू बनवून द्यायचं काम दादाकडे सोपवा. कंट्रोलर किती वेळ कोणाकडे हे तुम्ही ठरवायचं, दादाने नाही.

आणि हिवाळ्यात त्या दोघांना खऱ्या मैदानावर न्या. पाच ते बारा वर्षांच्या मुलामुलींसाठी ऑसकिक हा फूटी शिकवणारा कार्यक्रम आहे, धाकटी तिथे सहज बसते. मुलगा स्थानिक क्लबच्या ज्युनियर संघात जाऊ शकेल. या क्लबांना पालकांची मदत सतत लागते. यजमानांना गोल अंपायरचं काम मागून घ्यायला सांगा. पांढऱ्या खांबांमागे उभं राहायचं, लाथेने मारलेला चेंडू मधल्या दोन उंच खांबांतून गेला की सहा गुण आणि दोन झेंडे, बाजूच्या खांबांतून गेला की एक गुण आणि एक झेंडा. चार आठवडे झेंडे हलवले की गेममधलं काय खोटं आहे ते त्यांनाही दिसायला लागेल.

परताव्याचं मात्र आजच संध्याकाळी बघा. खरेदीची तारीख आणि किती तास खेळून झालेत हे मुलाला विचारून घ्या, पावतीचा ईमेल काढून ठेवा. दिवस मोजले जातायत.