गाडीत पाटील किती?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी एस.टी.त वाहक आहे, वय ३७. बार्शी-पुणे गाडीवर ड्यूटी असते. चार वर्षांपासून सकाळी निघण्याआधी तीन-चारदा संडासला जावं लागतं. पोटात मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं, पण टेंभुर्णी यायच्या आत परत कळ. भरलेली गाडी थांबवणार कशी? रजेच्या दिवशी त्रास निम्माच असतो. रक्त, थायरॉइड, शौचाची तपासणी, दुर्बिणीची तपासणी, सगळं नॉर्मल आलं. डॉक्टरांनी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल असूनही आतडं बिथरण्याचा आजार) सांगितलं. मेडिकलवाल्याने प्रोबायोटिकचे (पोटाला उपयोगी म्हणून घ्यायच्या जिवंत जिवाणूंचे) तीन प्रकार दिलेत : सात जिवाणूंची कॅप्सूल, पाण्यात मिसळायची पुडी आणि प्यायची छोटी बाटली. तिन्ही चालू आहेत, पोट उलट जास्त फुगतंय. बायको म्हणते, ताक प्या, पैसे घालवू नका. नक्की कोणतं घेऊ?
(एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी तिन्ही बंद करा. आठ दिवस यातलं काहीच नको.

मग ती पुडी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड’ किंवा ‘इन्युलिन’ असं काही लिहिलंय का? हा जिवाणूंचा खुराक. बऱ्याच कंपन्या तो सोबतच घालतात. तुमच्या-माझ्यासारख्याच्या आतड्यात तो आंबतो आणि गॅस धरतो. ‘माझ्यासारख्या’ मुद्दाम लिहिलं. मलाही हाच आजार आहे, पंचवीस वर्षं. मुलीच्या लग्नाआधी खबरदारी म्हणून मी अशीच पुडी दहा दिवस घेतली आणि मुहूर्ताच्या वेळी शालूची गाठ सैल करून उभी होते. डॉक्टर असून लेबल वाचलं नव्हतं.

आता निवड. तुमच्या गाडीत ‘पाटील कोण?’ म्हणून हाक मारली तर किती जण उठतील? ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हणजे तसं नुसतं आडनाव. त्यापुढे जातीचं नाव येतं, आणि खरी ओळख त्यानंतरच्या अक्षर-आकड्यांत असते. त्याला वाण म्हणू. गुण त्या वाणाचा, आडनावाचा नाही. म्हणून डब्यावर वाणाचा क्रमांक नसेल, नुसती सात आडनावं आणि ‘५०० कोटी जिवाणू’ असं असेल, तर मी तो डबा घेत नाही. (२०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस घराण्याची वाटणी होऊन बरीच नवी आडनावं निघाली. डब्यावर ‘लॅक्टिप्लँटिबॅसिलस’ दिसलं तर तो जुनाच ‘लॅक्टोबॅसिलस प्लँटारम’ समजा.)

कोटींच्या आकड्याला तर अजिबात भुलू नका. ‘बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस ३५६२४’ हा वाण आयबीएस असलेल्या ३६२ बायकांना तीन वेगवेगळ्या मात्रांत देऊन पाहिला, त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. दहा लाखांनी काही झालं नाही, दहा कोटींनी गुण आला, आणि हजार कोटींनी पुन्हा काही नाही! कारण मजेशीर होतं. मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलमधली भुकटी ओली झाली की तिचा घट्ट गोळा व्हायचा, जिवाणू बाहेरच पडेनात.

‘प्लँटारम २९९व्ही’ची चाचणी आपल्याच देशात झाली, २०१२ मध्ये छापून आली. २१४ रुग्ण, चार आठवडे, दुखणं आणि फुगणं दोन्ही कमी झालं. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत मात्र त्याच वाणाचा खास फायदा दिसला नाही. असं हे क्षेत्र आहे. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चाचणीतच वापरा. ब्रिटनच्या तज्ज्ञांनी पुढच्याच वर्षी सांगितलं की हवं तर १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघा, फरक नसेल तर सोडा. माझं मत ब्रिटिशांकडे झुकतं, पण १२ आठवडे तुमचा खिसा कशाला रिकामा करायचा? चार आठवड्यांत काहीच हललं नाही तर मी थांबवते.

तुमचा त्रास जुलाबाच्या बाजूचा, सोबत मुरडा. शिवाय कॅप्सूल दिवसभर बॅगेत, सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात. म्हणून तुमच्यासाठी मी ‘बॅसिलस कोअॅग्युलन्स एमटीसीसी ५८५६’ निवडेन. हा बीजाणूच्या, म्हणजे टणक कवचात झोपलेल्या जिवाणूच्या रूपात असतो, त्यामुळे उष्णता आणि जठरातलं आम्ल दोन्ही सोसतो. फ्रिज लागत नाही. जुलाबाच्या आयबीएसवर त्याची भारतात चाचणी झालीय : रोज २०० कोटी बीजाणू, ९० दिवस, आणि फायदा दिसला. पण रुग्ण फक्त ३६, म्हणजे तुमच्या गाडीत बसतात त्याहून कमी, आणि चाचणी करणारे तो वाण बनवणाऱ्या कंपनीचेच. तेव्हा ही शिफारस तेवढी जपूनच घ्या. डब्यावर ‘कोअॅग्युलन्स’ नुसतं नको, पुढचा आकडाही हवा. प्यायच्या छोट्या बाटलीत बहुधा असतो तो ‘बॅसिलस क्लॉसिआय’ हा जिवाणू पोरांच्या जुलाबात देतात, आयबीएससाठी त्याचा पुरावा तोकडा आहे.

दिवसाला एकच प्रकार, एकाच वेळेला. सोबत नवं पथ्य किंवा दुसरं औषध सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. वेबिलाची शिस्त तुम्हाला आहेच. तशीच एका छोट्या वहीत रोज एक ओळ : संडासला किती वेळा, दुखणं दहापैकी किती, पोट फुगलं का. कॅप्सूल सुरू करण्याआधीच्या त्या आठ दिवसांपासूनच लिहायला लागा. तुलना त्यांच्याशीच करायची आहे.

ताकाचं म्हणाल, तर वहिनी अर्ध्या बरोबर आहेत. विरजणात कुठला वाण, किती, हे घरोघरी बदलतं, म्हणून त्याला औषध म्हणता येत नाही. पण सोसत असेल तर दुपारी वाटीभर पातळ ताक जिरं घालून खुशाल प्या. दुधापेक्षा त्यात दुधाची साखर कमी असते. माझा संशय खरं तर डेपोतल्या चहावर आहे. किती कप होतात, ते तुम्ही लिहिलंच नाही! कॅप्सूलचे चार आठवडे संपले की चहा दोनवर आणा, आणि तोच प्रयोग पुन्हा.

रजेच्या दिवशी त्रास निम्मा, हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. ‘गाडीत कळ आली तर?’ ही धास्तीच आतड्याला पळवते. जुलाब थांबवणारी एक साधी गोळी असते, ती ड्यूटीच्या दिवशी निघण्याआधी घेता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. अनेकदा खिशात गोळी आहे एवढ्यानेच टेंभुर्णी सुखरूप जाते.

शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, किंवा झोपेतून उठवणारे जुलाब, यातलं काही झालं तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जा. आणि उरलेल्या कॅप्सुला घरात कुणाला केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर त्यांना देऊ नका. त्यांच्यासाठी हे जिवाणू निरुपद्रवी असतीलच असं नाही.

चार आठवड्यांनी वहीची पानं मला पाठवा. चहाच्या कपांसकट.